शालेय नोंदी आणि विद्यार्थ्यांची संपादणूक

(म्हैसूरमधील सरस्वतीपुरम येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सरस्वतीपुरम हा म्हैसूर शहरातील शाळा-महाविद्यालयांचा भाग. येथून कुक्करहळ्ळी तलावाच्या पलीकडे मानसगंगोत्री हा म्हैसूर विद्यापीठाचा परिसर लागतो. त्याच भागात देशाच्या शैक्षणिक नियोजनाच्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन संस्था आहेत. १९६३ मध्ये स्थापन झालेली प्रादेशिक शिक्षण संस्था दक्षिणेकडील राज्यांसाठी शिक्षक घडविते, तर १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय भाषा संस्था देशातील लहानमोठ्या भाषांचा अभ्यास करते. शिक्षणविषयक व्याख्यानासाठी ही जागा औचित्याचीच म्हटली पाहिजे. तथापि शाळेतील नोंदींचा उपयोग मुलांचे शिकणे सुधारण्यासाठी कसा करावा, या आजच्या विषयाचे खरे उदाहरण या संस्थांच्या इमारतींत सापडत नाही. ते येथून नैर्ऋत्येला सुमारे ५० किलोमीटरवर, हेग्गडदेवनकोटे तालुक्यातील लहान लहान शाळांत सापडते.

कबिनी जलाशय आणि नागरहोळे-बंदीपूरच्या जंगलांचा हा तालुका. जेनू कुरुब, सोलिग, येरव या आदिवासी समाजांची वस्ती येथे मोठी आहे. मजुरीसाठी ही कुटुंबे हंगामात कोडगूतील कॉफीच्या मळ्यांत जातात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. दीड-दोन महिन्यांनी परतलेले मूल वर्गात येते तेव्हा पाठ्यपुस्तकाचे दहा-बारा धडे पुढे गेलेले असतात. फळ्यावरील मजकूर त्याला उमगत नाही. शिक्षकाजवळ हजेरीपटाखेरीज त्याच्याविषयीची दुसरी कोणतीही नोंद नसते. हजेरीपट फक्त तो किती दिवस नव्हता हे सांगतो. जाण्यापूर्वी त्याला काय येत होते, हे सांगत नाही. असे मूल काही दिवस मागच्या रांगेत बसते आणि पुढे येईनासे होते. दप्तरी त्याची नोंद ‘गळती’ या सदरात होते.

१९९५ मध्ये युनिसेफच्या साहाय्याने या तालुक्यात ‘नली-कली’ उपक्रम सुरू झाला. या कन्नड शब्दांचा अर्थ आनंदाने शिकणे. आंध्र प्रदेशातील मदनपल्लीजवळ ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शिक्षण केंद्राने परिसरातील एकशिक्षकी शाळांसाठी विकसित केलेली पद्धत तालुक्यातील शिक्षकांनी तेथे जाऊन पाहिली आणि स्वतःच्या मुलांना साजेल असे साहित्य तयार केले. पाठ्यपुस्तकातील आशयाचे लहान लहान टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यासाठी कार्डे करण्यात आली. ओळख करून देणारी, सराव देणारी, चाचणी घेणारी आणि मागे पडलेल्यांसाठी पुन्हा शिकविणारी असे या कार्डांचे प्रकार होते. सर्व टप्पे क्रमाने दाखविणारी ‘शिक्षणाची शिडी’ भिंतीवर लावली जाते. कार्डांवरील चित्रखुणांवरून अक्षरओळख नसलेले मूलही आपली पायरी स्वतः शोधू शकते. मुले इयत्तेनुसार बसत नाहीत; ती गटांत बसतात. काही गटांना शिक्षकाची पूर्ण मदत असते, काहींना थोडी, काही सोबत्यांच्या मदतीने शिकतात आणि काही स्वतंत्रपणे काम करतात.

या रचनेतील सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे प्रगतीचा तक्ता. कोणत्या मुलाने कोणते कार्ड पूर्ण केले, याची खूण त्यात केली जाते. मळ्यावरून परतलेले मूल वर्गात आले की शिक्षक तक्ता पाहतो आणि मूल जेथे थांबले होते तेथूनच त्याचे शिकणे सुरू होते. बुडालेले धडे असा प्रकारच उरत नाही, कारण धडा वर्गाचा नसून मुलाचा असतो. ही नोंद करणारा आणि ती वाचून निर्णय घेणारा माणूस एकच आहे, नोंद आणि निर्णय यांत एका रात्रीचेही अंतर नाही, आणि त्या निर्णयाने त्या दिवशीची मुलाची बैठक बदलते, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. शालेय आकडेवारीची चर्चा करताना या तीन गोष्टी सहसा विसरल्या जातात.

आता दुसऱ्या टोकाकडे पाहू. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या गरजेतून १९९४-९५ च्या सुमारास शिक्षणविषयक जिल्हा माहिती प्रणाली उभी राहिली. पुढे २०१२-१३ पासून ती ‘यू-डायस’ या एकत्रित स्वरूपात आली आणि २०१८-१९ पासून ‘यू-डायस प्लस’ झाली. प्रत्येक शाळेला अकरा अंकी संकेतांक आहे. २०२३-२४ च्या अहवालानुसार देशात १४.७२ लाख शाळा आणि सुमारे २४.८ कोटी विद्यार्थी आहेत. एवढ्या मोठ्या व्यवस्थेची गणना होणे हीच मोठी उपलब्धी आहे. कोठे शिक्षक कमी आहेत, कोठे मुलींसाठी स्वच्छतागृह नाही, पाचवीनंतर कोणत्या तालुक्यात पट घसरतो, हे याशिवाय कळले नसते. परंतु ही माहिती शाळेतून वर जाते आणि तिच्या आधारे होणारे निर्णय अनुदानाचे, बांधकामाचे व पदमंजुरीचे असतात. मुलाला वाचता येते की नाही, याचे उत्तर देण्यासाठी ही प्रणाली निर्माणच झालेली नाही.

ते उत्तर शोधण्याचे काम सर्वेक्षणे करतात. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ हे ग्रामीण भागातील सर्वेक्षण होऊ लागले. प्रत्येक जिल्ह्यात ३० गावे आणि प्रत्येक गावात २० घरे निवडली जातात आणि घरी बसून एकेका मुलाला अक्षरे, शब्द, पहिलीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचावयास दिली जाते. शासकीय शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होते. कोविडच्या काळात शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ मध्ये ते १६.३ टक्क्यांवर आले आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के झाले. शासनाचे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण शाळेत लेखी स्वरूपात होते. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झालेल्या या सर्वेक्षणात ७२० जिल्ह्यांतील सुमारे ३४ लाख विद्यार्थी सहभागी होते. त्याचीच पुढची आवृत्ती असलेले ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ रोजी ७८१ जिल्ह्यांत, इयत्ता तिसरी, सहावी व नववीसाठी घेण्यात आले. ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावू शकणारी तिसरीची मुले त्यात ५५ टक्के आढळली.

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांना ही वर्षे आणि टक्केवारी तोंडपाठ असतात. ही सर्व नमुना सर्वेक्षणे आहेत, हा मुद्दा मात्र उत्तरपत्रिकेत क्वचितच उतरतो. नमुना सर्वेक्षण जिल्ह्याविषयी किंवा राज्याविषयी बोलते. नमुन्यात न आलेल्या शाळेविषयी ते काहीच सांगत नाही, आणि आलेल्या शाळेतीलही एखाद्या मुलाविषयी शिक्षकाला उपयोगी पडेल असे फारसे सांगत नाही. आजाराची साथ कोणत्या जिल्ह्यात आहे, हे कळल्याने समोरच्या रुग्णाला कोणते औषध द्यावे, हे कळत नाही. दोन्ही माहिती आवश्यक आहेत; एकीचे काम दुसरीकडून होत नाही, एवढेच.

वर्गातील माहिती कशी वेगळी असते, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहता येईल. तिसरीच्या ३० मुलांना ५२ वजा २८ हे गणित घातले. १८ मुलांनी २४ हे उत्तर लिहिले. अहवालात ६० टक्के अशी नोंद होईल आणि तो आकडा पुढे जाईल. पण उरलेल्या १२ उत्तरपत्रिका उघडल्या तर? समजा, सात मुलांनी ३६ लिहिले आहे. ही मुले वरचा अंक कोणता, खालचा कोणता हे न पाहता प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात. तिघांनी ३४ लिहिले आहे. त्यांनी दशक सुटा करून १२ मधून ८ बरोबर वजा केले, पण दशकाच्या घरातला एक कमी करावयास ते विसरले. दोघांनी ८० लिहिले आहे. त्यांनी बेरीजच केली. बारा मुलांचे गुण सारखेच, शून्य. उपाय मात्र तीन वेगवेगळे आहेत. पहिल्या सात मुलांना काड्यांचे गठ्ठे हाती देऊन दशक-एककाचा अर्थ पुन्हा शिकवावा लागेल. त्यांना हातच्याच्या वजाबाकीची आणखी दहा गणिते दिली तर ती दहाही चुकतील. तिघांना थोडा सराव पुरेल. शेवटच्या दोघांना कदाचित चिन्हाकडे लक्ष देण्याची आठवणच पुरेशी ठरेल.

येथे एक बारीकसा पण महत्त्वाचा तपशील आहे. शिक्षकाने ५२ वजा २८ ऐवजी ५२ वजा २७ हे गणित घातले असते तर पहिल्या आणि दुसऱ्या दोन्ही प्रकारच्या चुकांचे उत्तर ३५ असेच आले असते आणि दोन गट वेगळे करताच आले नसते. म्हणजे उपयुक्त माहिती मिळविण्याची सुरुवात प्रश्न निवडण्यापासून होते. प्रश्नपत्रिका तयार करणे हे यांत्रिक काम समजले जाते. वस्तुतः शिक्षकाच्या विषयज्ञानाची खरी कसोटी तेथेच लागते.

केवळ निदान हाती दिल्याने शिकणे सुधारते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा गंभीर प्रयत्न आंध्र प्रदेशात झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांच्या अभ्यासात ग्रामीण शाळांतील शिक्षकांना मुलांच्या चाचण्यांचे तपशीलवार निदानात्मक अहवाल देण्यात आले आणि त्यांच्या वर्गांना अधूनमधून भेटी देण्यात आल्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. निरीक्षक वर्गात असताना या शिक्षकांनी अधिक मेहनत घेतल्याचे दिसले, परंतु स्वतंत्रपणे घेतलेल्या चाचणीत त्यांच्या मुलांची संपादणूक इतर शाळांपेक्षा सरस नव्हती. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यातही असाच अनुभव आला. गावातील मुलांना वाचता येत नाही, ही माहिती गावकऱ्यांसमोर मांडण्यात आली, ग्रामशिक्षण समितीचे अधिकार सांगण्यात आले. तेवढ्याने शासकीय शाळेत काही बदलले नाही. मात्र गावातल्याच स्वयंसेवकांना वाचन शिकविण्याची सोपी पद्धत दिल्यावर त्यांच्या शिबिरांना येणारी मुले वाचू लागली.

महाराष्ट्राशी निगडित उदाहरण मुंबईचे आहे. ‘प्रथम’चे काम मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुरू झाले. महापालिकेच्या शाळांतील तिसरी-चौथीच्या वर्गातून मागे पडलेली १५ ते २० मुले निवडून त्यांना वस्तीतीलच एक शिकलेली तरुणी, म्हणजे ‘बालसखी’, रोज सुमारे दोन तास वेगळे शिकवीत असे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथे या उपक्रमाचे शास्त्रीय मूल्यमापन झाले. मुलांच्या गुणांत लक्षणीय वाढ झाली आणि सर्वाधिक लाभ तळाच्या मुलांना झाला. या अभ्यासाच्या लेखकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बालसखीजवळ संगणक नव्हता, आलेख नव्हते. कोणत्या मुलाला काय येत नाही याची तिच्यापुरती नोंद होती आणि त्यानुसार शिकविण्यासाठी राखून ठेवलेले दोन तास होते. आंध्रमधील अहवाल आणि मुंबईतील साधी नोंद यांतील फरक माहितीच्या दर्जाचा नव्हता. एका ठिकाणी अहवाल हाती आल्यावरही ‘पाठ्यक्रम पूर्ण करणे’ हेच शिक्षकाचे काम राहिले. दुसऱ्या ठिकाणी शिकविण्याची वेळ, गट आणि आशय तिन्ही बदलले.

नोंदींचा दुसरा धोका अधिक गंभीर आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७६ मध्ये असे मांडले होते, की एखादा संख्यात्मक निर्देशक सामाजिक निर्णयांसाठी जितका अधिक वापरला जाईल, तितका तो बिघडण्याचा संभव वाढतो आणि ज्या प्रक्रियेवर लक्ष ठेवण्यासाठी तो वापरला जातो, ती प्रक्रियाही तो बिघडवतो. अमेरिकेत २००२ च्या कायद्याने शाळांचे भवितव्य चाचणीच्या गुणांशी जोडले गेले. अटलांटा शहरात शिक्षकांनीच मुलांच्या उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त केल्याचे उघड झाले. २०११ च्या चौकशी अहवालात ४४ शाळांतील १७८ शिक्षक व मुख्याध्यापकांचा उल्लेख होता आणि २०१५ मध्ये ११ जणांना न्यायालयाने दोषी ठरविले. आपल्याकडे मध्य प्रदेशातील शासकीय चाचण्यांचे निकाल स्वतंत्र फेरचाचणीशी ताडून पाहिले असता शासकीय निकाल प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ फुगलेले असल्याचे अर्थशास्त्रज्ञ अभिजीत सिंग यांनी दाखविले आहे. या प्रकरणांत नैतिकतेची चर्चा बरीच होते. पण खोट्या गुणाचे खरे मोल चुकते कोण करते? ज्याचे उत्तर शिक्षकाने खोडून बरोबर केले, ते मूल कागदावर उत्तीर्ण असते. म्हणून त्याला पूरक वर्ग मिळत नाही. त्याला मदत हवी, हे सांगणारी एकमेव खूणच पुसली गेलेली असते.

महाराष्ट्रात शिक्षणहक्क कायद्यानंतर २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने वर्णनात्मक नोंदी कराव्यात, हा त्यामागील हेतू उत्तम होता. थोड्याच काळात तयार नोंदींचे संग्रह उपलब्ध झाले आणि अनेक ठिकाणी त्यांतील वाक्ये मुलांच्या नावांपुढे उतरवली जाऊ लागली. याचा सगळा दोष शिक्षकावर टाकणे योग्य होणार नाही. जी नोंद तपासणीखेरीज कोणी वाचणार नाही आणि जिच्यामुळे उद्याचा तास बदलणार नाही, ती नोंद नकलूनच लिहिली जाणार. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात भाषा व गणिताच्या पायाभूत चाचण्या घेऊन त्यांच्या आधारे मुलांना पुढे नेण्यावर भर होता. त्याच सुमारास ‘सरल’ या संगणकीय प्रणालीत विद्यार्थिनिहाय माहिती भरण्यास प्रारंभ झाला. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळा त्या काळात राज्यभरातील शिक्षक पाहावयास जात. ते तेथे जात असत ते वर्ग पाहण्यासाठी. माहिती भरण्याची पद्धत पाहण्यासाठी कोणी गेल्याचे ऐकिवात नाही.

हेग्गडदेवनकोटे तालुक्यातील पद्धतीचाही पुढचा प्रवास सरळ झालेला नाही. २००९-१० पासून कर्नाटक शासनाने ती शासकीय शाळांच्या प्रारंभिक वर्गांसाठी राज्यभर लागू केली. स्वतःच्या हाताने कार्डे करणारे शिक्षक आणि छापील संच पेटीतून मिळालेले शिक्षक यांत फरक पडणारच. कार्डे फाटतात, हरवतात, वेळेवर नवी मिळत नाहीत. पहिली ते तिसरीची मुले एका शिक्षकाकडे आणि पट मोठा असेल, तर रोज प्रत्येक मुलाची खूण करणे त्याला जड जाते. मग आठवड्याच्या खुणा शनिवारी एकदम केल्या जातात. अशा तक्त्याचे स्वरूप तेच राहते, पण सोमवारी मूल कोणत्या गटात बसवावे, हे त्यावरून ठरविता येत नाही.

आणखी एक मर्यादा खुद्द तक्त्यातच आहे. जेनू कुरुब मुलाच्या घरची बोली शाळेतील प्रमाण कन्नडपेक्षा वेगळी असते. महाराष्ट्रात मेळघाटातील कोरकू किंवा धडगाव परिसरातील भिली बोलणाऱ्या मुलांची स्थिती अशीच आहे. त्याची खूण एकाच कार्डावर पंधरा दिवस थांबली, तर मूल अडले आहे, एवढेच तक्ता सांगतो. त्याला अक्षर ओळखता येत नाही, की अक्षर ओळखूनही त्या शब्दाने दर्शविलेली वस्तू त्याच्या बोलीत दुसऱ्याच नावाने ओळखली जाते, हे तक्त्यावरून कळत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीअखेर अर्थ समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. ‘अर्थ समजून’ हे त्यातील दोन शब्द मोजण्यास सर्वांत अवघड आहेत. पंधरा दिवस अडलेल्या त्या मुलाजवळ बसून, कार्डावरच्या चित्राकडे बोट दाखवून, ‘तुमच्या घरी याला काय म्हणतात?’ असे विचारावयाचे तर शिक्षकाजवळ दहा मिनिटे मोकळी असावी लागतात, आणि मिळालेले उत्तर लिहून ठेवण्यासाठी प्रगतीच्या तक्त्यात एक रिकामा रकाना.